मधली आवृत्ती

एकदा एक वृद्ध संगणकतज्ज्ञ आपल्या शिष्यासह सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका आरोग्यसंस्थेत काम करीत होते. संस्थेच्या परिचारिका डोंगरातल्या पाड्यांवर फिरत आणि गर्भवती स्त्रियांच्या नोंदी टॅबवर करीत. हे सगळे टॅब कार्यालयातल्या एका सर्व्हरच्या ताब्यात असत. कोणत्या टॅबवर कोणते पॅकेज, म्हणजे कोणता प्रोग्राम, असावे आणि त्याची कोणती आवृत्ती, हे तोच ठरवी. टॅब परक्याच्या हाती पडला असे वाटले, तर टॅबने आतली सारी माहिती पुसून टाकावी, असा नियमही त्यानेच घालून दिलेला होता.

सर्व्हरची नवी आवृत्ती बसवण्याचे काम शिष्याकडे आले. शिष्य हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते. आधी चाचणीसाठी त्याने वेगळा सर्व्हर उभा केला, हे मात्र शहाणपणाचे. नवी पॅकेजेस चढवली, कार्यालयातले टॅब जोडले, सगळे बिनबोभाट चालले. मग जागा अडवून बसलेली जुनी पॅकेजेस त्याने एकजात काढून टाकली. अडगळ त्याला खपत नसे. उद्या खऱ्या सर्व्हरवर हेच करतो, दुपारपर्यंत काम फत्ते, असे त्याने संचालकांना कळवूनही टाकले.

गुरूंनी सगळे पाहून मान डोलावली. मग कपाटातून एक जुना टॅब काढला, बरेच महिने कुणी न उघडलेला, आणि तोही चाचणीच्या सर्व्हरला जोडायला सांगितले.

शिष्याने जोडला. टॅबमधल्या जुन्या पॅकेजला नव्या सर्व्हरची ओळख पटेना. ती पटवून देणारी एक मधली आवृत्ती होती. टॅबने ती मागितली, पण ती अडगळीबरोबर गेलेली. थोडा वेळ खटपट करून टॅबने आपण चोराच्या हाती आहोत असा अर्थ लावला आणि नियमाप्रमाणे स्वतःला कोरे करून घेतले.

शिष्य नाराज झाला. इतका जुना टॅब आता वापरतो कोण, आणि नीट चाललेला प्रयोग मुद्दाम कशाला बिघडवायचा, असे त्याने विचारले.

गुरू म्हणाले, "त्यात काही बायकांच्या नोंदी होत्या. मीच भरल्या होत्या, खोट्या. कुणाला कितवा महिना, कुणाच्या अंगात रक्त कमी. सांग बरं, पहिली बाई कोण होती?"

शिष्याने टॅब पुन्हा चालू करून पाहिला. पडदा कोराच.

"आता ते कुठूनही कळायचं नाही," गुरू शांतपणे म्हणाले. "वाटेवरचा पूल वाहून गेल्यापासून आपल्या शेवंताताई वळवी वरच्या पाड्यांवरच आहेत. तिथे रेंज नाही. त्यांचा टॅब अजून जुन्याच आवृत्तीवर आहे आणि त्यांच्या नोंदी आपल्यापर्यंत पोचलेल्या नाहीत. त्या खऱ्या आहेत. ताई खाली उतरतील तेव्हा तो टॅब आपल्या सर्व्हरकडे येईल. जे टॅब रोज आपल्या डोळ्यांसमोर असतात, ते नव्याशी सहज जुळवून घेतात. आवृत्त्या सांभाळायच्या त्या दूर राहिलेल्यांसाठी. त्यांना आपण जिथे सोडलं, तिथून इथवर यायला वाट हवी. तू ती वाटच मोडलीस, बाबा."

शिष्याला मनापासून शरम वाटली, आणि भीतीही. त्याने काढून टाकलेली पॅकेजेस पुन्हा क्रमाने जागेवर ठेवली. दुसऱ्या एका जुन्या टॅबवर या वेळी त्याने स्वतः नोंदी भरल्या. तो जोडला, तेव्हा टॅब आधी मधल्या आवृत्तीवर आला, मग नव्या आवृत्तीवर. एकही नोंद हलली नाही. त्याने त्या एकेक करून वाचून पाहिल्या. गुरूंनी वाचायला सांगितले नव्हते.

मग खऱ्या सर्व्हरवर नवी आवृत्ती बसली, जुन्या पॅकेजेसना धक्का न लावता. कार्यालयातले सगळे टॅब तिच्यावर आले. संचालक खुशीत येऊन म्हणाले, "वा, झालं म्हणायचं काम."

"नाही, साहेब," शिष्य म्हणाला. "शेवंताताई अजून वरच आहेत."