सापडलेलं गलबत

फिरंग्यांची गलबतं कोकणच्या किनाऱ्याला नुकती कुठे यायला लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. धुक्यात तीन दिवस भरकटलेलं असंच एक गलबत धाकू तांडेलाने आपल्या होडीमागे घेतलं आणि खडक चुकवत खाडीत आणलं. तहानेल्या खलाशांना कोळीवाड्याने पाणी पाजलं, पेज वाढली.

दुसऱ्या दिवशी कप्तान बाल्ताझारने लिस्बनहून आणलेला कोरीव दगडी खांब, जाळी वाळत घालायच्या पुळणीवरच रोवला. दुभाष्याने मजकूर वाचला, "हे बंदर कप्तानसाहेबांना सापडलं. जे ज्याला सापडेल, ते त्याच्या राजाचं."

तोफांसमोर कोण बोलणार? धाकू पुढे झाला. "हा कायदा पक्का ना?"

"राजाचा शब्द आहे!" कप्तान गरजला. "काळ्या दगडावरची रेघ!"

"मग खाली आणखी एक रेघ ओढा. बंदर कधी हरवलंच नव्हतं, माझ्या पणज्यापासून इथंच आहे. हरवला होतात तुम्ही. काल खडकापाशी एक गलबत सापडलं, बारा तोफा आणि एका कप्तानासकट. सापडलं धाकू तांडेलाला!"

हे सांगताना दुभाष्याला घाम फुटला. खलाशी मात्र खो खो हसले. कप्तानाने तोफांकडे पाहिलं, मग खाडीच्या तोंडाकडे. पाण्याखालच्या खडकांतून बाहेरची वाट एकट्या धाकूला ठाऊक होती.

दुपारच्या भरतीला खांब गलबतावर परत चढला. वाट दाखवून होडी वळवताना धाकू ओरडला, "कप्तानसाहेब, पुन्हा हरवलात तर हाक मारा. आम्ही इथंच आहोत!"