जवारी कुणाची

"चाचा, पण माझ्या जवारीत खोट काय, एवढं तरी सांगा की."

अण्णाप्पा सकाळपासून तिसऱ्यांदा हेच विचारत होता. दस्तगीरचाचा एका खुंटीला पॉलिश लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत तूरडाळ निवडत होते. आमची खिडकी आणि चाचांचा तंबोऱ्याचा कारखाना यांच्यामध्ये मिरजेतला एक अरुंद बोळ, बस्स. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतं. आणि मी तसं कधी म्हणतही नाही.

"वाजव," चाचा म्हणाले.

अण्णाप्पानं आपला तंबोरा उभा धरला आणि चारी तारा एकापाठोपाठ एक छेडल्या. मला तर चांगला वाटला.

"काय ऐकलंस?"

"चांगला बोलतोय की."

"तू माझ्या तोंडाकडं बघत होतास."

एवढं बोलून चाचा पुन्हा खुंटीकडे वळले.

जवारी म्हणजे काय, ते मला या खिडकीनंच शिकवलं. तंबोऱ्याच्या तारा भोपळ्यावरच्या एका हाडाच्या पट्टीवर टेकतात. त्या पट्टीला घोडी म्हणतात. ती कानशीनं अशी घासायची, की तार तिला टेकली पाहिजे आणि चिकटली नाही पाहिजे. केसाएवढं कमीजास्त झालं की तार मुकी. बरोबर जमलं की एका तारेतून दहा तारा बोलतात. ती जमली की म्हणायचं, जवारी लागली.

भोपळा कापणं, दांडी जोडणं ही कामं कारखान्यात कुणीही करायचं. जवारी मात्र चाचांची. त्यांची कानस त्यांच्या गादीखाली असायची. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा तिथला नियम.

पण आता चाचांचा हात कापायला लागला होता. बेळगावच्या गोदाक्कांसाठी एक जोड तयार होत होती. गोदाक्का म्हणजे गाणं शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाई, चाचांचं जुनं गिऱ्हाईक. या जोडीतल्या एकाची जवारी चाचांनी रसूलला लावायला सांगितली, दुसऱ्याची अण्णाप्पाला. दोघांना साध्या कानशी दिल्या. आणि सांगून ठेवलं, की या जोडीनंतर माझी कानस आणि माझी गादी दोघांतल्या एकाची.

रसूलचा तंबोरा चाचांनी आदल्या दिवशी ऐकला आणि कापड टाकून बाजूला ठेवला. म्हणजे पास. अण्णाप्पाचा ऐकला आणि उघडाच ठेवला.

आता यातली गंमत अशी, की रसूलला या कारखान्यात अण्णाप्पानंच आणलं होतं. तीस वर्षं झाली त्याला. अण्णाप्पा आधी दोन वर्षं शिकत होता. मग एके दिवशी आपल्या दोस्ताला दंडाला धरून घेऊन आला. हा भोपळे तरी पुसेल, म्हणाला.

तेव्हापासून दोघं एका ताटात. अण्णाप्पा लिंगायत, मांसमच्छी चालत नाही. म्हणून रसूलच्या घरी त्याच्यासाठी एक पातेलं वेगळं ठेवलेलं. रसूलच्या बायकोनं त्यात कधी मटण शिजवलं नाही. अण्णाप्पा त्या पातेल्यातली भाजी खायचा आणि वर म्हणायचा, भाभीनं आज पण मीठ विसरलं. रसूल म्हणायचा, तुझ्या बायकोच्या भाकरीनं दांडी ठोकून बसवता येईल. असं रोज चालायचं. रोज डबे पालथे घालून दोघं हात धुवायचे.

त्या शुक्रवारी मात्र अण्णाप्पा जेवला नाही. डोकं दुखतंय म्हणाला.

दुपारी चाचा आणि रसूल नमाजला गेले. अण्णाप्पा एकटाच राहिला.

मी खिडकीतच होते. डाळ संपली होती, पण मी आता तांदूळ घेतले होते.

अण्णाप्पा उठला. रसूलच्या तंबोऱ्यावरचं कापड त्यानं काढलं. तंबोरा आडवा मांडीवर घेतला आणि भोपळ्याला कान लावला. एक तार छेडली. थांबला. परत तीच छेडली. डोळे मिटलेले…

असं किती वेळ चाललं होतं म्हणून सांगू. इतक्या वर्षांत त्याला असं ऐकताना मी पाहिलं नव्हतं. एरवी तार छेडली की त्याची नजर दाराकडे, चाचांकडे, रसूलकडे, कधीकधी माझ्या खिडकीकडेसुद्धा. त्या दिवशी बोळातून कोथिंबीरवाली ओरडत गेली, तरी त्याची पापणी हलली नाही.

मग त्यानं चाचांच्या गादीखाली हात घातला आणि त्यांची कानस काढली.

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

त्यानं ती घोडीवरून दोनदा फिरवली. दोनदाच. फुंकर मारली. कानस जागेवर ठेवली, तंबोरा जागेवर ठेवला, कापड टाकलं. घासल्यावर मात्र त्यानं तार छेडली नाही.

वळला तेव्हा मला त्याचा चेहरा दिसला. पाहवेना. मी पटकन खाली बसले.

खरं सांगते, पोटात गोष्ट राहणं माझ्या स्वभावात नाही. त्या दिवशी चाचा परत आले तेव्हा मी दोनदा बोळापर्यंत गेले आणि दोनदा परत फिरले. सांगावं तर एका माणसाचा जन्म वाया जातो. न सांगावं तर दुसऱ्याचा. शेवटी चहा टाकला. चहा घेऊन गेलं, की निदान तिथं उभं तरी राहता येतं.

गोदाक्का साडेतीनला आल्या. त्यांची परतीची गाडी साडेसहाची होती. खुर्ची नको म्हणाल्या, चटईवरच बसल्या. म्हणाल्या, झालेला आधी दाखवा.

चाचांनी रसूलच्या तंबोऱ्यावरचं कापड काढलं. तार खुलावी म्हणून घोडीवर तारांखाली घालतात, ते सुताचे दोरे सारखे केले. अण्णाप्पा कोपऱ्यात भोपळ्याला खोटंखोटं पॉलिश लावत होता. त्याचा हात एकाच जागी फिरत होता.

चाचांनी तार छेडली.

…

कसं सांगू? मला गाण्यातलं काही कळत नाही. पण वाटलं, खोलीतली हवाच सुरात मिळाली. चाचांनी बोट काढलं तरी तार बोलतच होती. ती आता संपेल, आता संपेल म्हणून मी श्वास धरला, तर श्वासच संपला. गोदाक्कांनी डोळे मिटून घेतले. त्यांची मान हळूहळू खाली गेली, देवासमोर जाते तशी.

अण्णाप्पाच्या हातातला बोळा गळून पडला.

चाचांनी सगळ्या तारा छेडल्या. मग तंबोरा खाली ठेवला आणि रसूलकडे बघितलं. काल हा असा नव्हता, म्हणाले.

रसूल पुढे आला. घोडीवरून अंगठा फिरवला. तिरका होऊन उजेडात बघितलं. आणि हसला.

"ही माझी नव्हं चाचा. मी एवढी उतरवली नव्हती. हे घासणं अण्ण्याचं. त्याचा हात पहिल्यापासून डावीकडं कलतो, बघा की."

आणि उठून त्यानं अण्णाप्पाच्या खांद्यावर हात टाकला. त्याला वाटलं होतं, दोस्तानं आपलं अर्धवट राहिलेलं काम गुपचूप पुरं केलं. मी म्हणत नव्हतो का, म्हणाला, याच्या हातात हाय म्हणून? स्वतःचा तंबोरा पास झाला तेव्हाही याला एवढा आनंद झाला नसेल, असं तोंड झालं होतं त्याचं.

चाचांनी गादीखालून आपली कानस काढली आणि दोन्ही हातांनी अण्णाप्पापुढे धरली.

बघा आता. ज्या कानशीसाठी हा माणूस आठवडाभर झोपला नव्हता, ती त्याच्यापुढे आली होती. घ्यायची होती फक्त. बघणारी मी एकटी, आणि मी काही बोलणार नव्हते.

अण्णाप्पानं हात पुढे केला…

मागे घेतला.

"चाचा, मला नको."

"का?"

"मी ती चांगली व्हावी म्हणून घासली न्हाई. मारायला घासली. रसूलची जवारी मरावी म्हणून."

मी चहाचा ट्रे तिथंच खाली ठेवला.

रसूलचा हात अजून त्याच्या खांद्यावरच होता. तो त्यानं हळूच काढला. कोपऱ्यातल्या माठाकडे गेला, पेलाभर पाणी घेतलं, उभ्यानंच प्यायला. पाठमोरा. त्याची पाठ काय म्हणत होती, ते मला वाचता येईना.

चाचांनी अण्णाप्पाला एकच विचारलं.

"घासायच्या आधी किती वेळ ऐकलंस?"

"लई वेळ," अण्णाप्पा म्हणाला. "जीव कुठं हाय ते सापडत नव्हतं. सापडल्याशिवाय मारणार कसा?"

"हां," चाचा म्हणाले.

बाकी काही नाही. नुसतं, हां.

रसूल माठापाशी तसाच उभा. गोदाक्कांनी पदर सारखा केला. बोळातून एक सायकल गेली… आणि अण्णाप्पा उठला. चपला शोधायला लागला. मला वाटलं, गेला हा. आता काही हा परत या गल्लीत दिसत नाही.

"अण्ण्या," रसूल म्हणाला.

तो येऊन तंबोऱ्यासमोर बसला होता.

"कुठनं फिरवलीस? समोरनं का बाजूनं?"

अण्णाप्पा दारात थांबला. एक चप्पल पायात, एक हातात. त्यानं विचारलं, की तुला माझा राग आला नाही का?

"आलाय की. तो जेवताना काढतो. आधी दाखव."

अण्णाप्पा आत आला. चप्पल हातात आहे हे विसरूनच आला. गुडघे टेकून त्यानं बोटानं जागा दाखवली. रसूलनं तिथं डोळा लावला, तार छेडली, पुन्हा डोळा लावला. हितं व्हय, म्हणाला. हितं मी कधी बघितलंच न्हाई.

दोन डोकी एका घोडीवर वाकलेली. जणू काही झालंच नव्हतं. झालं तर होतं. रसूलचे डोळे लाल होते, मी जवळून पाहिले.

चाचांनी अण्णाप्पाचा उघडा ठेवलेला तंबोरा पुढे सरकवला आणि आपली कानस त्यावर ठेवली.

अण्णाप्पा म्हणाला, माझा हात आज बाटलाय. चाचांनी ऐकलं न ऐकलं केलं. रसूलनं बोट तारेवर ठेवलं.

मग ते काम सुरू झालं. अण्णाप्पा कानस एकदा फिरवायचा, रसूल तार छेडायचा. पुन्हा एकदा, पुन्हा छेडायचा. चहा गार झाला. कुणी बघितला नाही. गोदाक्कांनी घड्याळ बघायचं सोडून दिलं. अण्णाप्पा ना चाचांकडे बघत होता, ना माझ्याकडे. घाम नाकावरून टपकत होता.

एका जागी त्याची कानस थांबली.

"रसूल, तू सांग. कुठं थांबू?"

तीस वर्षांत त्यानं रसूलला कामातलं काही विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं. रसूल त्याला विचारायचा, कायम. आधी आलेला तो ना.

"अजून," रसूल म्हणाला.

…

"अजून."

…

"थोडं… बस्स."

त्यानं तार छेडली.

आणि त्या क्षणी मी जे पाहिलं, ते मी अजून कुणाला सांगते तर लोक हसतात. दुसरा तंबोरा, रसूलचा, मघाशी बाजूला करून भिंतीला टेकवून ठेवलेला होता. त्याच्या जवळपास कुणी नव्हतं. त्याला कुणी हात लावला नव्हता. तोसुद्धा बोलायला लागला. हळू, पण स्पष्ट. हाक मारल्यावर ओ द्यावी तसा. चाचा नंतर म्हणाले, सूर मिळाला की तसं होतंच, त्यात नवल नाही. त्यांना नसेल. माझ्या अंगावर आत्ता लिहितानाही काटा आहे.

रसूलनं हातानं तार धरली. ही गप्प झाली. भिंतीजवळची तरीही बोलत होती…



कानस दोघांच्या मध्ये चटईवर पडलेली होती. चाचांनी ती उचलली नाही. त्या दोघांनीही उचलली नाही. ती आजही तिथंच असते, ज्याला लागेल तो घेतो. गादीवर कुणी बसत नाही, तिच्यावर आता तयार तंबोरे ठेवतात.

साडेसहाची गाडी गेली, गोदाक्का रात्री माझ्याकडेच राहिल्या. पण ते नंतर. त्याआधी त्यांनी दोन्ही तंबोरे समोर उभे करून घेतले. खूप वेळ बघत राहिल्या. मग चाचांना म्हणाल्या, की गाताना मी एक उजवीकडे ठेवते, एक डावीकडे. मान उजवीकडच्याला असतो. यातला कुणाच्या हाताचा वरचढ आहे तेवढं सांगा, म्हणजे तो उजवीकडे ठेवीन.

अण्णाप्पानं मान खाली घातली. रसूल छताकडे बघायला लागला.

चाचांनी पॉलिशचा बोळा उचलला आणि राहिलेली खुंटी पुन्हा हातात घेतली.

"अक्का, तुम्ही मधे बसा."