विंडोजची चूल

फोनची दुखणी वायर जोडूनच बरी होत, त्या काळची ही गोष्ट. मॅक लॅपटॉपचा शेजारी, एक म्हातारा फोन, निपचित पडला. त्याला बरं करणारं सॉफ्टवेअर आलं, पण मॅकच्या उंबऱ्यावरच थांबलं. "आमचा काढा फक्त विंडोजच्या चुलीवर होतो."

"माझ्या चुलीला काय धाड भरलीय?" मॅक फणकारला.

"चूल चांगलीच आहे हो. पण आमचा हात तिथंच बसलाय."

मॅकने फोनकडे पाहिलं. स्क्रीनवर मिट्ट काळोख होता. राग गिळून त्याने आपल्याच घरातला एक कोपरा रिकामा केला, शिधा काढून दिला आणि म्हणाला, "मांडा इथं विंडोजची चूल."

घर तापलं, पंखा घरघरला, आणि फोन लुकलुकला.

"चूल मोडू?" सॉफ्टवेअरने विचारलं.

"राहू द्या," मॅक म्हणाला. "कोपरा दिल्यापासून घर मोठं वाटतंय."