शेंदराखालची ओळ

एका राज्यात दुसऱ्यावर उगारलेला हात दगडाचा होत असे. राजधानीच्या चौकात न्यायशिला होती. मारामारी झाली की ती अंगावर कोरलेली ओळ गरजे, "हात कुणाचा?" लोक बोट दाखवीत आणि तो हात बोटांपासून दगड होऊ लागे. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळताना दगड काळजापर्यंत पोचे. अशी तीनशे माणसे चौकात उभी होती, उगारल्या मुठीनिशी. त्यांच्या डोक्यावर कावळे बसत.

दगड झालेल्याचे उरलेले आयुष्य राजगुरू कुटिलाक्षाला मिळे. तो दोनशे वर्षांचा होता आणि त्याचा एक केस पिकला नव्हता. त्याने कधी कुणाला चापटही मारली नाही. तो फक्त कान भरी. त्याची साळुंकी याचे त्याला सांगे, त्याचे याला सांगे, आणि भांडण पेटले की गुरू आणि साळुंकी दोघेही नामानिराळे! राजा धृतवर्मा त्याला शांतिमूर्ती म्हणे. सांगतानासुद्धा अंगाचा तिळपापड होतो.

त्या राज्यात सुधन्वा नावाचा पाथरवट होता. साळुंकी तीन दिवस त्याच्या खांद्यावर येऊन बसली. "भद्रसेन म्हणतो, तुझ्या बापाला छिन्नी धरता येत नव्हती." बाप वारून महिनाही झाला नव्हता. तिसऱ्या दिवशी सुधन्व्याने आपल्याच जोडीदाराच्या, भद्रसेनाच्या तोंडावर ठोसा मारला. शिला गरजली. सुधन्व्याची बोटे राखाडी झाली.

त्याची बहीण तरलिका, तीही पाथरवटच, चौकातल्या सिंहासनावर बसलेल्या राजापुढे उभी राहिली. "महाराज, माझ्या भावाला कुणी चिथावले तेही विचारा."

"शिला विचारते तेवढेच आम्ही विचारतो," राजा म्हणाला.

तरलिकेने शिलेवर हात ठेवला. शिलेला दर अमावास्येला कुटिलाक्ष स्वतः शेंदूर फासत असे. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. शेंदराचे पुट हातभर जाड झाले होते. पण पाथरवटाची बोटे ती! पुटाच्या उंचवट्यावरून तिला कळले. "महाराज, खाली आणखी एक ओळ आहे."

कुटिलाक्ष गोड हसला. "शेंदूर खरवडणे पाप. तो आपण होऊन गळावा लागतो. राक्षसाच्या घाण्याचे तेल आण, उकळत्या सरोवराचे पाणी आण, आणि कधीच न भांडलेल्या पाखराच्या पिसाने ते शिलेला लाव. जा, मुली."

तरलिका निघाली. साळुंकी मागोमाग उडाली.

राक्षस तेल द्यायला वाकला, तोच साळुंकी म्हणाली, "ही तुला काणा म्हणते." राक्षसाने मुसळ उचलले. तरलिका म्हणाली, "माझ्या तोंडून ऐकलेस का?" राक्षसाने विचार केला. एवढा विचार आपल्या राजाने उभ्या जन्मात केला नव्हता. त्याने मुसळ ठेवले आणि तेलाचा बुधला दिला.

सरोवराकाठी तिने वाफेतून घडा भरला. साळुंकी कानाशी आली. "तुझा बाप मरताना तुला नव्हे, सुधन्व्याला हाक मारत होता." ते खरे होते. म्हणूनच ते झोंबले. तरलिकेने धोंडा उचलला, दूर चौकात शिला गरजली, आणि तिची करंगळी राखाडी झाली. तेव्हा तिला भावाचा राग पुरता कळला. रडत रडत तिने धोंडा पाण्यात टाकला.

आता पीस. तिने चिमण्यांना विचारले, मोरांना विचारले, बगळ्यांना विचारले. सगळी पाखरे कधी ना कधी भांडलेली होती. तिसऱ्या दिवसाचे ऊन उतरू लागले. ती थकून खाली बसली. तेव्हा साळुंकी फांदीवरून म्हणाली, "काय ही रानटी जात! मी जन्मात कुणावर चोच उगारली नाही."

"खरेच?" तरलिकेने विचारले.

"शपथ घेते!" असे म्हणून साळुंकीने छाती फुगवली, पंख झाडले, आणि एक पीस खाली पडले.

तरलिका धावत चौकात आली. सुधन्व्याच्या छातीवर दगड चढला होता. तिने पाण्यात तेल घातले, पिसाने शिलेला लावले. शेंदराचे अख्खे कवच धाडकन गळले. दीडशे वर्षांत शिलेने पहिल्यांदा दुसरी ओळ उच्चारली.

"चिथावणी कुणाची?"

तीनशे दगडी हात वळले. तीनशे बोटे कुटिलाक्षाकडे रोखली गेली.

"मी कुणाला हात लावला नाही!" तो ओरडला. "मी फक्त बोललो. मी फक्त..." जीभ टाळ्याला लागली ती तिथेच दगड झाली. त्याचे केस क्षणात पांढरे झाले. साळुंकी चोच उघडी ठेवून शिलेवर बसली, ती आजही तशीच आहे. चौकातली माणसे मात्र श्वास घेऊ लागली. कुणी आईला शोधू लागले, कुणी पाणी मागू लागले. राजा मान खाली घालून सिंहासनावरून उतरला, आणि त्या सर्वांना पाणी देत फिरला.

तरलिकेने भावाला मिठी मारली. सुधन्व्याने ती हळूच सोडवली. सुजल्या तोंडाचा भद्रसेन गर्दीत उभा होता. सुधन्वा त्याच्यापुढे गेला आणि मूठ उघडून म्हणाला, "चिथावणी त्याची होती. पण हात माझाच होता."

भद्रसेनाने तो हात धरला. त्या दिवसापासून शिला दोन्ही प्रश्न विचारते, आणि तिला शेंदूर फासतात तो फक्त पाठीवर.