फळीखालची पाचर

त्या दिवशी हवा कोरडी आणि गार होती. फार मागची गोष्ट आहे ही. शाळेच्या प्रयोगशाळेत एक लाकडी गाडी होती. हलकासा धक्का दिला की लांब फळीवरून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच वेगानं जायची. फळीचं एक टोक खालच्या पाचरीनं जरासं उचललेलं असायचं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तपासणी होती. जे नीट चालणार नाही, ते अडगळीच्या पेटीत जाणार होतं.

गाडी म्हणाली, "ही पाचर नुसती बसून असते. माझा वेग वाढत नाही, कमी होत नाही. मग ही करते तरी काय?"

मोजपट्टी म्हणाली, "खरंय ताई. तिचं काम काही मापात येत नाही बघा."

शेजारी ठेवलेल्या साखळीच्या घड्याळानं साखळी टाकून पाचर ओढून काढली.

सकाळी तपासणीला आलेल्या साहेबांनी गाडीला धक्का दिला. ती हळू हळू होत फळीच्या मध्यावरच थांबली. साहेब म्हणाले, "हिची चाकं गेली." गाडी पेटीत पडली.

"माझं काही चुकलं नाही," ती शेजारच्या जुन्या लोहचुंबकाला म्हणाली, "फळीच बिघडली."

"असेल बाई," चुंबक म्हणाला, "पण जरा सरकून बस. आता फळी येईल, आणि ती तुझं नाव सांगेल."