तार धरणारं दही

फार पूर्वी डोंगरावरच्या गवळीवाड्यात, मडक्यातल्या दह्यात एक जिवाणू राहायचा. दुधातली साखर खाऊन तो असे चिकट धागे विणायचा, की दह्याला लांब तार यायची.

गवळ्याची लेक येसू लग्न होऊन खालच्या गावी गेली, तेव्हा विरजणातून त्यालाही घेऊन गेली. तिथे मात्र दह्याला तार येईना.

"चुलीच्या उबेला ठेवलंय, पोटभर दूध आहे. आणखी काय हवं तुला?" पातेलं करवादलं.

"पोट भरतं, बाबा. पण विणायला डोंगरावरचा गारवा लागतो," जिवाणू म्हणाला.

येसूने हे ऐकलं. सासरी तिलाही काही कमी नव्हतं. तिने पातेलं उचलून डोंगराकडच्या गार खिडकीत ठेवलं.

सकाळी दह्यातून बोट काढलं, तर मागोमाग लांब तार आली. बोट चाटून ती तार तोडायचं येसूच्या जिवावर आलं.