मलकाबाईची तेलाची बुधली

ऐका बायांनो, हनुक्काच्या दिव्याची कहाणी. बोलणारीनं गप्प बसावं, ऐकणारीनं मनावर घ्यावं.

खाडीकाठी आटपाट गाव होतं. गावात यहुद्यांची आळी होती. घरोघर तेलाचा घाणा, आणि शनवार देवाच्या विसाव्याचा, म्हणून त्या दिवशी बैल मोकळा. म्हणून गाव त्यांना शनवार-तेली म्हणे. मग एक उन्मत्त राजा आला. म्हणाला, "शनवारी घाणा चालवा." प्रार्थनेच्या घरात त्यानं घोडे बांधले. भ्यालेल्यांनी बैल जुंपले. एक वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, तीन वर्षं गेली. नाव राहिलं, शनवार गेला.

आळीत मलकाबाई होती, एकटी विधवा. तिनं शनवारी बैल काही जुंपला नाही. शिपायांनी तिचा घाणा फोडला. एक बुधली तेल वाचलं, ते तिनं चुलीमागं पुरलं.

मग राजा लढाईत पडला. घोडे गेले, लीद राहिली. हनुक्काचा सण आला. आठ दिवस दिवा लावायचा, पण कशानं? साऱ्या आळीचं तेल शनवारी गाळलेलं, एकात एक मिसळलेलं. देवापुढं कसं चालावं?

मलकाबाई पुरलेली बुधली उकरून आळीतल्या मुसाजीकडे गेली. "दादा, दिवा लावू या." मुसाजी म्हणाला, "बाई, तुझी बुधली एक दिवस पुरेल. उद्या काय?" मग हसाजीकडे गेली. हसाजी म्हणाला, "घाणा धुवायचा, तीळ वाळवायचे, गाळायचे. आठ दिवस थांब." मग इलोजीकडे गेली. इलोजी म्हणाला, "मावशी, आता बैलालाच शनवारी फिरायची सवय लागली, मी काय करू?"

मलकाबाई कडाडली, "मेल्यांनो, राजा मेला तरी त्याचाच हुकूम पाळताय!"

शुक्रवार होता. तिनं पदर खोचला, प्रार्थनेच्या घरातली लीद उपसली, जमीन धुतली. दिवस मावळायच्या आत दिवा लावला.

दुसरे दिवशी शनवार. सवयीनं घाणे कुरकुरू लागले. इलोजीनं प्रार्थनेच्या घरात वाकून पाहिलं, तो आत दिवा जळतोय. त्याला लाज वाटली, बैल सोडला. मग हसाजीनं सोडला. मग मुसाजीनं सोडला. रविवारी सगळ्यांनी घाणे घासले, मग तीळ वाळवले, मग गाळायला बसले. मलकाबाई रोज संध्याकाळी बुधली वाकडी करी, रोज तेल येई. कुठून येई, देवाला ठाऊक.

आठव्या दिवशी बुधली उपडी केली. थेंब पडेना. मलकाबाई रडली. तोच दारात सारी आळी उभी, हाती नवं तेल. मलकाबाई डोळे पुसून म्हणाली, "माझं सरलं. आता तुमचं ओता."

त्यांनी ओतलं. आठवा दिवा आळीनं लावला. सकाळी शनवार उजाडला. एकही घाणा कुरकुरला नाही. भ्यालेली घरं होती, त्यांची पुन्हा एक कौम झाली.

उतू नये, मातू नये, पुरं तेल नाही म्हणून दिवा लावायचा थांबू नये. जशी मलकाबाईची आळी उठली, तशी तुमची आमची उठो. ही आठां दिवसांची कहाणी आठव्या दिव्यानं सुफळ संपूर्ण.